पहिली-दुसरीचाच वर्ग का हवा?

मला प्राथमिक शिक्षिका व्हायचे आहे आणि शक्य झाले तर पहिली-दुसरीचाच वर्ग हवा आहे, असे मी सांगते तेव्हा ऐकणारा बहुधा दोनपैकी एक अर्थ काढतो. एक तर हिला लहान मुलांची आवड असावी, नाहीतर हिला सोपे काम हवे असावे. लहान मुले मला आवडतात हे खरे. पण ती माझ्या मावशीलाही आवडतात आणि तिने जन्मभर शिवणकाम केले. राहिला सोपेपणाचा मुद्दा, तर पहिलीच्या वर्गात ज्याने सलग दोन तास काढले आहेत तो तसे म्हणणार नाही. माझी कारणे बरीचशी घरातली आहेत, काही तालुक्यातली आहेत आणि काही अगदी व्यवहाराची आहेत. ती एकदा नीट लिहून काढावीत, असे बरेच दिवस मनात होते.

आमचे गाव बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या माळावर आहे. पाऊस झाला तर बाजरी, कापूस, तूर. नाही झाला तर काहीच नाही. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची, म्हणजे कारखान्यासाठी मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची गाडी गावात येते, आणि पावसाळ्याआधीच उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेली माणसे भांडीकुंडी, पांघरुणे, कोंबड्या आणि लेकरे असा सगळा संसार तिच्यात चढवून सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर या पट्ट्यात किंवा त्याही पलीकडे बेळगाव, बागलकोटकडे ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; हिशेब कोयत्याचाच होतो. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की माणसे परत येतात, म्हणजे शिमगा-पाडव्याच्या आगेमागे. शाळेचे वर्ष मात्र जूनच्या मध्यात सुरू होऊन एप्रिलअखेर संपते. ही दोन वेळापत्रके शेजारी ठेवली की कळते की तोडीला जाणाऱ्या मुलाच्या वाट्याला वर्षाचे जेमतेम पहिले सत्र येते. आमच्या वर्गातली निम्मी नावे दिवाळीनंतर फक्त हजेरीपटावरच राहत असत.

माझे आई-वडीलही तोडीला जात. मी मात्र गावात राहिले, आणि त्यामागे शिक्षणाचा विचार मुळीच नव्हता हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. संध्याकाळनंतर तिला दिसत नसे आणि घरी दोन शेळ्या होत्या. "पोरगी राहू द्या माझ्यापाशी, शेळ्यांकडं कोण बघंल?" असे ती म्हणाली आणि माझा प्रश्न तिथेच मिटला. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असलेला भाऊ आईला सोडून राहीना, म्हणून तो त्यांच्याबरोबर गेला. पुढच्या वर्षीही गेला आणि मग जातच राहिला. त्यामुळे मी शिकले त्याचे श्रेय देताना शाळेच्या आधी शेळ्यांचे नाव घ्यावे लागते.

एकाच घरात, एकाच ताटात जेवणारी आम्ही दोन भावंडे. तो माझ्यापेक्षा चलाख होता आणि आजही आहे. तोंडी हिशेबात तर मी त्याच्या जवळपासही नव्हते. पण तो पहिलीत असताना दिवाळीपर्यंत काही अक्षरे ओळखायला शिकला आणि कर्नाटकाच्या हद्दीतल्या एका फडावर गेला. तिथली जवळची शाळा कानडी. दिवसभर तो कोपीपाशी, म्हणजे फडावरच्या झोपडीपाशी, धाकट्या चुलत बहिणीला सांभाळत बसे. परत आला तेव्हा वर्ग पुढे गेलेला होता आणि आधी शिकलेली अक्षरेही पुसट झाली होती. दुसरीत पुन्हा तेच घडले. तिसरीत त्याच्यापुढे परिच्छेद आले, परिसर अभ्यासाचे धडे आले, आणि हे सगळे वाचता येणाऱ्या मुलासाठी लिहिलेले होते. आठवीपर्यंत कोणालाही अनुत्तीर्ण करायचे नाही, अशी शिक्षण हक्क कायद्यात तेव्हा तरतूद होती, त्यामुळे तो दर वर्षी वरच्या वर्गात जाऊन बसत राहिला. आठवीनंतर त्याने शाळा सोडली. आज तो ट्रॅक्टर चालवतो, चांगला चालवतो आणि मोबाइलवरचे मेसेज कोणाला दिसणार नाही असा आडोसा धरून अक्षर-अक्षर लावत वाचतो.

अनेक जण याचे खापर त्या 'नापास न करण्या'च्या नियमावर फोडतात. मला ते पटत नाही. त्याला नापास केले असते तर तो त्याच बाकावर आणखी एक वर्ष बसला असता, वाचायला त्याला कोणी शिकवलेच नसते. कायद्याच्या चौथ्या कलमात मागे पडलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण द्यावे असेही म्हटले आहे. त्यातला वर्गात घेण्याचा भाग सगळीकडे पाळला गेला आणि प्रशिक्षणाचा भाग कागदावर उरला. माझा भाऊ काही अपवाद नव्हता. मुलांना काय वाचता येते हे गावोगावी तपासणाऱ्या 'असर'च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या १०० मुलांपैकी साधारण ४३ मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला होता, आणि ही पाहणी करणाऱ्यांनी शोधलेली मुले सगळीच काही उसाच्या फडावरची नव्हती.

पहिली-दुसरीवर माझा एवढा रोख का, ते आता लक्षात येईल. वाचन ही गोष्ट या दोन वर्षांत लागते किंवा लागत नाही. त्यानंतरचे सारे शिक्षण ती लागलेली आहे असे धरून चालते. मोठ्यांना वाचता येत असल्यामुळे त्यातली अवघड जागा दिसत नाही. अक्षरे आपण 'ग म भ न' अशा क्रमाने शिकवतो, कारण त्यांची वळणे एकमेकांतून निघतात. मग काना येतो आणि 'गाव', 'नाव', 'मान' असे शब्द मुलाच्या हाती लागतात, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. पण लगेच पहिली वेलांटी येते. 'दिवस' या शब्दात वेलांटी 'द'च्या आधी काढलेली असते आणि उच्चारायची मात्र 'द'च्या नंतर. डावीकडून उजवीकडे वाचायचे असे ज्याला गेले तीन महिने सांगितले, त्या मुलाला आता आधी दिसते ते थांबवून ठेव आणि पुढचे अक्षर घेतल्यावर म्हण, असे सांगावे लागते. अनुस्वार 'आंबा'त एक आवाज काढतो आणि 'वांगे' म्हणताना दुसराच. रफार तर बसतो एका अक्षराच्या डोक्यावर आणि म्हणायचा त्याच्या आधी. प्रत्येक मूल यातल्या कोणत्या जागी अडले आहे हे बाईंना ठाऊक असावे लागते, आणि ते वर्गाकडे एकत्र पाहून कळत नाही. एकेका मुलाला जवळ बसवून वाचायला लावल्यावरच कळते. हे काम मला मनापासून आवडते. एखाद्या मेकॅनिकने इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखावा, तसे मुलाच्या चुकीवरून त्याची अडलेली जागा ओळखण्यात मला जो आनंद होतो, तो दुसऱ्या कोणत्याही कामात अजून झालेला नाही.

मी पहिलीत होते तेव्हा आमच्या बाई हेच करीत. तोडीला गेलेली मुले मार्चमध्ये परत आली की त्या त्यांना वर्गाबरोबर धड्यावर बसवत नसत. त्यांच्यासाठी एक वेगळी वही होती. कोणत्या मुलाची कुठली अक्षरे झाली, काना झाला का, वेलांटी झाली का, हे दिवाळीच्या सुट्टीआधीच त्यात लिहिलेले असे. परतलेले मूल त्या ओळीपासून पुढे सुरू होई आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतही त्या अधूनमधून पोरांना गोळा करीत. माझ्याबरोबरची जी मुले तोडीला जात होती, त्यांतली बरीच आज नीट वाचतात. भाऊ पहिलीत गेला तोवर बाईंची बदली झाली होती, ती जागा काही काळ रिकामी होती आणि नंतर आलेले गुरुजी, माणूस म्हणून अतिशय सज्जन असूनही, मार्चमध्ये पुस्तकाचा जो धडा चालू असे तोच सगळ्यांना शिकवत. आमच्या दोघांमधल्या फरकाचा विचार करताना मी आधी फक्त तोडीच्या महिन्यांचा हिशेब करीत असे. डी.एल.एड.ला, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेला (पूर्वीचे डी.एड.) आल्यावर ती वही मला आठवली आणि हिशेब थोडा बदलला. स्थलांतर थांबवणे माझ्या हातात नाही. वही ठेवणे आहे.

अभ्यासक्रमाचा भाग म्हणून शाळेवर गेलो, तेव्हाची एक गोष्ट सांगते. मार्च महिना होता आणि दुसरीतला एक मुलगा नुकताच फडावरून आला होता. त्याने पुस्तक उघडले आणि एक कविता घडाघडा वाचून दाखवली. बोट ओळीवर फिरत होते, पण बोट एका शब्दावर आणि तोंड दुसऱ्या शब्दावर होते. मी त्याला शेवटची ओळ आधी वाचायला सांगितली, तेव्हा तो गप्प झाला. कविता त्याला मोठ्या बहिणीकडून पाठ झाली होती. मग मी पुस्तक बाजूला ठेवले आणि त्याला काय वाचता येते ते विचारत गेले. त्याला ट्रॅक्टरच्या पाट्या वाचता येत होत्या, एम.एच. २३ म्हणजे आपली, बीडची गाडी, हे त्याने मला समजावून सांगितले. वजनकाट्याच्या पावतीवरचे आकडे येत होते. मोळ्या मोजता येत होत्या. वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या पेंड्या विकून किती पैसे होतात, हे तो माझ्यापेक्षा लवकर सांगत होता.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला दशक-एकक होते. या पाठाचे साहित्य ठरलेले असते: दहा काड्या, त्यांना रबर लावले की एक दशक. माझे टाचण, म्हणजे पाठाची आधी लिहिलेली आखणी, व्यवस्थित होते, प्रश्नही काढलेले होते. मी गठ्ठा वर धरला आणि 'हे काय आहे' असे विचारले. बाकीची मुले 'दशक' म्हणाली. तो म्हणाला, "मॅडम, ही तर मोळी हाय." मग काय, पुढचा सगळा पाठ मोळ्यांवरच झाला. तीन मोळ्या आणि सुटे चार ऊस म्हणजे किती, हे सांगायला त्याला पाटीही लागली नाही. आणि पाटीवर ३४ लिहिताना तीन आधी का, हे त्याने शेजारच्या मुलीला सांगितले, कारण मोळ्या आधी मोजतात आणि सुटे नंतर. निरीक्षणाला आलेल्या अध्यापकांनी माझ्या टाचणातला क्रम चुकल्याची नोंद केली. ती बरोबरच होती.

जाता जाता एक सांगावेसे वाटते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'बासष्ट' बरोबर 'साठ दोन' असेही वाचन दिले, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मराठी भाषा बुडाली इथपर्यंत लोक गेले. मुलांना 'बासष्ट' सांगितल्यावर आधी 'बा' ऐकू येतो आणि ती २६ लिहून मोकळी होतात, हे ज्यांनी दुसरीचा वर्ग पाहिला आहे त्यांना नवीन नाही. पुस्तकाने बासष्ट काढून टाकलेच नव्हते, फक्त एक पायरी वाढवली होती. विनोद करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या वयाच्या मुलाला अंक लिहायला शिकवले असेल, याचे मला कुतूहल आहे.

त्या मुलाने मोळी म्हटले आणि मला कळले, याचे कारण मोळी काय असते हे मला ठाऊक होते. हा माझा गुण नव्हे, योगायोग आहे. पण शिक्षक निवडताना तो उपयोगी पडतो असे वाटणारी मी पहिली नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे ही मागणी आहे, ती सर्वांना माहीत असते. त्याच निवेदनात त्यांनी असेही मांडले आहे की प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्य तितके शेतकरी वर्गातून तयार करावेत, कारण ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा त्यांना समजतील. आणि शिक्षकाचा पगार १२ रुपयांपेक्षा कमी नसावा. अभ्यासक्रमात हे निवेदन आम्हाला परीक्षेपुरते होते. मी ते परीक्षेनंतर पुन्हा वाचले. पगाराचा आणि माणसाचा मुद्दा त्यांनी एकत्र मांडला, एकाला दुसऱ्यासाठी सोडून दिले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

कारण पगाराविषयी बोलायला मला संकोच वाटत नाही. शिक्षकी हे व्रत आहे असे म्हणणाऱ्यांना बहुधा दुसरे काही उत्पन्न असते. मला ही नोकरी नोकरी म्हणूनही हवी आहे. वडिलांची कंबर आता मोळी उचलू देत नाही आणि आईला पुन्हा फडावर जाऊ द्यायचे नाही, हे मी ठरवले आहे. माझ्या वर्गातल्या मुलींपैकी कित्येकींची लग्ने दहावीच्या आत झाली, कारण जोडी असली तरच कोयता होतो आणि कोयता असला तरच उचल मिळते. गावात स्वतःच्या पगारावर राहणारी बाई माझ्या लहानपणी एकच होती, ती म्हणजे आमच्या बाई. त्यांच्या खांद्याला पर्स असे आणि त्या एसटीने एकट्या येत. मला शिक्षिका व्हावेसे वाटण्यात त्या पर्सचाही वाटा आहे.

अर्थात हा रस्ता नातेवाइकांना पसंत नव्हता. बारावीला विज्ञानात बरे गुण पडले, तेव्हा नर्सिंग, पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा असे सल्ले आले आणि डी.एल.एड.चे नाव काढल्यावर सगळे हसले. त्यांचेही चुकत नव्हते. २०१२ नंतर राज्यात शिक्षक भरती कितीतरी वर्षे जवळजवळ बंद होती. डी.एड. झालेली मुले पेट्रोल पंपावर, रसवंतीवर काम करताना त्यांनी पाहिली आहेत. विद्यार्थी मिळेनात म्हणून महाविद्यालये बंद पडली. आता पवित्र पोर्टलवरून भरती होते. त्यासाठी आधी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते, म्हणजे १५० पैकी खुल्या प्रवर्गाला ९० गुण. मग अभियोग्यता चाचणी, आणि ती कधी होईल हे आपल्या हाती नसते. निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून दरमहा १६,००० रुपयांवर काम करायचे. २०२३ पर्यंत तर हे मानधन ६,००० होते. माझा टीईटीचा पहिला पेपर निघाला आहे आणि सध्या चाचणीची तयारी चालू आहे.

नोकरीचे वास्तवही मी पाहिले आहे. साठपर्यंत पट असलेल्या शाळेला दोन शिक्षक मिळतात, म्हणजे पहिली-दुसरीचा वर्ग हवा म्हणून हट्ट धरला तरी प्रत्यक्षात एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता घेऊन बसावे लागणार. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून इतर अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये असे कायदा म्हणतो. पण मी ज्या शाळेवर होते तिथले गुरुजी दुपारचा बराच वेळ रेंज शोधत माहिती भरत असत, आणि माहिती भरून झाली की ती भरल्याचा फोटो पाठवत. खिचडीचा तांदूळ मोजणे, उपस्थिती कळवणे, मिळेल त्या वेळेत शिकवणे. हे बदलायला हवे आणि ते शिक्षकांनी एकत्रितपणे मागायला हवे. तोवर रोज दोन-तीन मुलांना जवळ घेऊन वाचायला लावण्याइतका वेळ त्यातूनही काढता येतो, कारण तो काढणारी माणसे मी पाहिली आहेत.

आता आईचा एकच प्रश्न असतो, बीड मिळेल का? पोर्टलवर पसंतीक्रम देताना मी बीड जिल्हा परिषदच पहिली भरणार आहे. इथे मिळाले तर आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या मुलांसह गावातच काम करता येईल आणि परतणाऱ्यांसाठी वही ठेवता येईल. पण यादी गुणांवर लागते आणि आंतरजिल्हा बदलीला वर्षे लागतात, म्हणून दुसरा आणि तिसरा क्रमही विचार करून ठरवला आहे: सांगली आणि कोल्हापूर. मैत्रिणींना हे विचित्र वाटते, इतक्या लांब कशाला म्हणून. पण आमच्या तालुक्यातली मुले दिवाळीनंतर तिकडेच तर असतात. गावच्या शाळेतून शिक्षण हमी पत्रक घेऊन आलेल्या मुलाला तिथल्या शाळेने दाखल करून घ्यायचे असते, आणि ते पत्रक बहुतेक वेळा कोपीतल्या पेटीत पडून राहते, कारण फडापर्यंत जाऊन ते कोणी मागत नाही. मला ते मागता येईल. कोणाच्या कोपीत जाऊन काय बोलायचे, हे मला कोणी शिकवायला नको.